‘अ’ तुकडीतला बाक: मुलांसाठी सॉकरची टीम कशी निवडावी

मे महिना उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आंब्यांच्या पेट्यांपाठोपाठ दुसरा विषय येतो तो सॉकरच्या ट्रायआउटचा, म्हणजे टीमच्या निवड चाचणीचा. मूल नऊ-दहा-अकरा वर्षांचं. गावच्या टीममध्ये दोन वर्षं छान खेळलेलं. कुणीतरी सुचवलं म्हणून मोठ्या क्लबच्या ट्रायआउटला नेलं, पाठीवर नंबरचा कागद पिनांनी लावला, दीड तास कुंपणाबाहेर उभं राहून बघितलं. दोन दिवसांनी ईमेल आली: अभिनंदन, तुमच्या मुलीची निवड झाली आहे, ४८ तासांत होकार कळवा आणि पहिला हप्ता भरा, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. मग रात्री साडेदहाला ग्रुपवर प्रश्न येतो, "काय करू गं? एवढी मोठी संधी सोडायची का?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा घाईत दिलं आणि ते चुकलं. तीन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा समोर आला तेव्हा उत्तर बरोबर आलं. मधल्या काळात इथल्या मुलांच्या सॉकरचा पसारा चालतो कसा ते मुळापासून समजून घेतलं. आपल्यापैकी बहुतेक जण शाळेच्या मैदानावर नाहीतर गल्लीत क्रिकेट खेळत मोठे झाले. क्लब, लीग, ट्रायआउट हा सगळा प्रकार अमेरिकेत आल्यावरच कळला. त्यामुळे इथे जन्मलेल्या पालकांना जे न सांगता ठाऊक असतं, ते आपल्याला विचारत विचारत शिकावं लागतं.

उतरंड

सगळ्यात पायाला रिक्रिएशनल सॉकर, ज्याला सगळे नुसतं ‘रेक’ म्हणतात. नाव नोंदवलं की मूल टीममध्ये. आठवड्याला एक प्रॅक्टिस, शनिवारी एक गेम, कोच म्हणजे कुणाचे तरी आई-बाबा. १९६४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एवायएसओ या संस्थेचा तर नियमच आहे की प्रत्येक मुलाने किमान अर्धा गेम खेळलाच पाहिजे. हा नियम लक्षात ठेवा, कारण वर चढत गेलं की असला नियम क्वचितच सापडतो.

त्यावरची पायरी ट्रॅव्हल सॉकर. इथे ट्रायआउट होते, निवड होते आणि टीम शेजारच्या गावांत जाऊन खेळते. आमच्याकडे बहुतेक गावांची स्वतःची ट्रॅव्हल टीम असते. लीगमध्ये ताकदीप्रमाणे ‘फ्लाइट’ पाडलेल्या असतात, पहिल्या फ्लाइटमध्ये तगड्या टीम, खालच्या फ्लाइटमध्ये नव्या. गावाच्या टीमवरची पायरी खाजगी क्लबांची. तिथले कोच पगारी, बऱ्याचदा यूएस सॉकरचं, म्हणजे इथल्या राष्ट्रीय सॉकर संघटनेचं, लायसन्स असलेले. त्यांच्या टीम ईडीपी, एनपीएल अशा मोठ्या टापूतल्या लीगमध्ये खेळतात.

आणि शिखरावर ज्यांना ‘एलिट’ म्हणतात त्या लीग. मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट आणि ईसीएनएल, मुलींसाठी ईसीएनएल आणि गर्ल्स अकॅडमी. एमएलएस ही इथली पुरुषांची व्यावसायिक लीग. तिच्या क्लबांच्या स्वतःच्या अकॅडमी आहेत, आमच्या बाजूला न्यूयॉर्क रेड बुल्स आणि फिलाडेल्फिया युनियन यांच्या. तिथे निवड झाली तर फी पडत नाही. बाकी जवळपास सगळीकडे पालकच पैसे भरतात.

ही नावं फार पाठ करत बसू नका, ती बदलत राहतात. २००७ साली यूएस सॉकरने डेव्हलपमेंट अकॅडमी काढली, तेव्हा तोच एकमेव राजमार्ग असं सगळ्यांना वाटत होतं. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, ती बंद झाली. त्याच वर्षी मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट आणि मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी उभी राहिली. ईसीएनएल २००९ पासून मुलींसाठी होती, नंतर मुलांसाठीही आली, मग तिच्या खाली ईसीएनएलचीच रीजनल लीग आली. २०२५ च्या हंगामापासून एमएलएस नेक्स्टमध्येही दोन थर झाले. नऊ वर्षांच्या मुलासाठी आज ज्या नावाच्या लीगकडे बघून आपण निर्णय घेतो, ती तो पंधराचा होईपर्यंत त्याच नावाने असेलच असं नाही.

एकाच बिल्ल्याखाली चार टीम

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला पहिल्यांदा कुणी सांगितली नाही. ‘एलिट क्लब’ आणि ‘एलिट टीम’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्या क्लबमध्ये एकाच वयाच्या मुलींच्या तीन-चार टीम असतात. पहिली ईसीएनएलमध्ये खेळते, दुसरी रीजनल लीगमध्ये, तिसरी आणि चौथी आसपासच्या लीगमध्ये, कधीकधी तर ज्या गावाच्या टीमला आपण सोडून आलो तिच्याविरुद्धच. जर्सी सगळ्यांची तीच, छातीवरचा बिल्ला तोच, फीही फारशी कमी नाही. कोच मात्र वेगळा. क्लबच्या वेबसाइटवर ज्याचा फोटो आहे तो नामांकित कोच पहिल्या टीमबरोबर असतो. तिसऱ्या टीमला कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा शिकवत असेल, तो मनापासून शिकवत असेलही, पण पुढच्या वर्षी तो तिथे असेलच याची खात्री नाही. आणि बऱ्याच क्लबांचा खर्चाचा गाडा या खालच्या टीमच्या फीवरच चालतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ‘तुमची निवड झाली’ या वाक्याचा अर्थ लावताना हे माहीत हवं.

म्हणून ईमेल आली की आधी विचारायचं: कितवी टीम, कुठली लीग, कोच कोण, आणि रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, किती मुलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात साधा वाटतो. आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

काळे दाणे

आपण शाळेत असताना तुकड्या असायच्या. ‘अ’ तुकडी हुशार मुलांची. ‘क’ मधून ‘ब’ मध्ये आणि ‘ब’ मधून ‘अ’ मध्ये जाणं म्हणजे घरात पेढे. आपल्या पिढीच्या मनात ते इतकं मुरलेलं आहे की मुलीला मोठ्या क्लबची ईमेल आली तेव्हा मी सांगलीला आईला फोन करून हेच सांगितलं, "अगं, ‘अ’ तुकडीत गेली." पण शाळेत आणि मैदानात एक मोठा फरक आहे. ‘अ’ तुकडीत शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलालाही तोच धडा, तेच सर, तेवढाच तास मिळतो. सॉकरमध्ये बाकावर बसलं की धडा बंद.

लेक तेव्हा अकरा वर्षांची. त्या वयात नऊविरुद्ध नऊ खेळतात, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. रोस्टरवर सोळा मुली होत्या आणि ती सोळावी, म्हणजे अगदी शेवटी घेतलेली. हे मला नंतर कळलं. पहिल्या हंगामात एकदा डेलावेअरला टूर्नामेंट होती. पहाटे पाचला उठून पोह्यांचा डबा भरला, साडेपाचला निघालो, आठच्या गेमसाठी सातला वॉर्मअप. मी फोनवर मिनिटं लिहून ठेवत होते, कुणावर डूख धरून नव्हे, आकडे लिहायची मला सवयच आहे. साठ मिनिटांपैकी ती आठ मिनिटं मैदानात होती. दुपारच्या गेममध्ये अकरा.

टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळणाऱ्या मुलांच्या प्रत्येक आईला ते रबराचे काळे दाणे माहीत असतात. गेमहून आलं की बूट दारातच उलटे करून झटकायचे, तरी मोज्यांतून, गाडीच्या सीटवरून, वॉशिंग मशिनमधून ते निघतच राहतात. त्या रात्री मी दारात कागद पसरून बूट उलटे केले आणि कागदावर चार-पाच दाणे पडले. लेक मागे उभी होती. म्हणाली, "आई, मला तिथे बॉलच लागत नाही गं."

कोच वाईट नव्हता. त्याला गेम जिंकायचे होते आणि ज्यांच्यावर भरवसा त्यांना तो खेळवत होता. पण माझ्या मुलीने त्या वर्षात मैदानाच्या कडेला, गुडघे जवळ घेऊन, किती तास काढले याचा हिशोब केला तर अजूनही पोटात तुटतं. वर्षाअखेर ती मला म्हणाली, की तिला सॉकर आवडत नाही बहुतेक. गावच्या टीममध्ये असताना हीच मुलगी जेवणाच्या टेबलाखाली पायाने चेंडू फिरवत बसायची.

मिनिटांचं गणित

मूल खेळातून शिकतं ते चेंडू पायाशी असताना आणि त्याबद्दल निर्णय घेताना: पास द्यावा की पुढे न्यावा, डावीकडे वळावं की मागे. हे निर्णय जितके जास्त, तितकं डोकं आणि पाय तयार. आणि चेंडू दुर्मिळ वस्तू आहे. मोठ्यांच्या ९० मिनिटांच्या सामन्यात, जगातल्या उत्तम खेळाडूंच्या पायाशीसुद्धा, तो एकूण दोन-तीन मिनिटंच असतो. म्हणूनच यूएस सॉकरने लहान वयात टीम छोट्या ठेवल्या आहेत: आठ वर्षांखालची मुलं चारविरुद्ध चार, मग दहापर्यंत सातविरुद्ध सात, बारापर्यंत नऊविरुद्ध नऊ, आणि तेराव्या वर्षाच्या गटापासून पूर्ण अकरा. माणसं कमी की प्रत्येकाला चेंडू जास्त.

आता बेरीज करू. गावच्या टीमच्या पहिल्या फ्लाइटमध्ये पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, तेही मधल्या फळीत, जिथे चेंडू सारखा येतो. किंवा मोठ्या क्लबच्या टीममध्ये दहा मिनिटं, कडेला, तेही टीम आघाडीवर असेल तर. वर्षाला पंचवीस-तीस गेम धरले तर पहिल्या बाजूला वीसेक तास होतात आणि दुसऱ्या बाजूला पाच. तो पंधरा तासांचा फरक कुठलाही बिल्ला भरून काढत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. प्रॅक्टिस गेमइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची. वरच्या टीममध्ये आठवड्याला तीन प्रॅक्टिस, वेगवान मुली, चेंडू आला की अर्ध्या सेकंदात कुणीतरी अंगावर. त्यातून मूल झपाट्याने शिकतं. गावच्या टीममध्ये जी मुलगी सगळ्यांना सहज चकवून गोल करते, तिला तिथे नवीन काही शिकायची गरजच पडत नाही, आणि तेही बरं नाही.

मग जागा कुठली चांगली? मला सगळ्यात पटलेलं उत्तर असं: टीममधल्या मुलांची मनात एक रांग लावा. आपलं मूल त्या रांगेच्या मधल्या भागात असावं. पुढे चार-पाच मुलं त्याच्याहून चांगली, ज्यांच्याकडे बघून शिकता येईल. मागे चार-पाच अशी, ज्यांच्यापुढे नवीन गोष्ट करून बघायची भीती वाटणार नाही. सगळ्यात पुढे असेल तर वर जायची वेळ आली. सगळ्यात मागे असेल तर टीम कितीही मोठ्या नावाची असो, त्या वर्षापुरती ती त्याची नव्हे.

वाढदिवस कुठल्या महिन्यात?

दहा वर्षांच्या मुलांत दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, वेगात, धिटाईत मोठा फरक. ट्रायआउटला दीड तासात कोचला जे दिसतं ते बऱ्याच अंशी हेच दिसतं. जगभरच्या निवड झालेल्या टीममध्ये वयोगटाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त सापडतात, हे खेळाच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.

अमेरिकेत २०१७ च्या सुमारास वयोगट जन्मवर्षाने, जानेवारी ते डिसेंबर, धरायला सुरुवात झाली. माझी लेक नोव्हेंबरची. म्हणजे आपल्या गटात कायम सगळ्यात लहानांपैकी एक. २०२६-२७ च्या हंगामापासून बहुतेक युवा लीगमध्ये वयोगट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा मोजायचं ठरलं. म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं, जी आजवर लहान ठरत होती, ती अचानक आपल्या गटातली मोठी. मुलात काहीच बदललेलं नाही, फक्त रेघ सरकली. ज्यांचं मूल मे-जून-जुलैचं आहे त्यांनी उलटा परिणाम धरून ठेवावा आणि यंदा खालच्या टीममध्ये नाव आलं तर मुलाला बोल लावू नये.

शरीराची वाढ तर आणखी लहरी. कुणी अकराव्या वर्षी ताडमाड होतं, कुणी पंधराव्या. आमच्याच राज्यातल्या डेलरन गावची कार्ली लॉइड विशीत असताना २१ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघातून वगळली गेली आणि तिने खेळ सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. एका कोचबरोबर पहिल्यापासून पाया घडवून ती परत आली, आणि २०१५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जपानविरुद्ध पहिल्या सोळा मिनिटांत तिने तीन गोल केले. प्रत्येक वगळलेलं मूल लॉइड होणार नाही, हे उघड आहे. पण विशीतल्या खेळाडूबद्दलसुद्धा जाणत्या माणसांचा अंदाज चुकतो, तर अकराव्या वर्षी आलेल्या ईमेलला किती वजन द्यायचं ते आपणच ठरवावं.

कॉलेजचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न येतोच. सॉकरमुळे कॉलेजात प्रवेश सोपा होईल का, स्कॉलरशिप मिळेल का?

आकडे असे आहेत. हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण पाच-सहा आणि शंभर मुलींपैकी सातेक एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, कुठल्या तरी पातळीवर खेळतात. सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनपर्यंत पोचणारे शंभरात एक-दोन. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये खेळतात, पण खेळाची स्कॉलरशिप तीही देत नाहीत. आणि डिव्हिजन वनच्या मुलांच्या टीमला अनेक वर्षं पूर्ण टीम मिळून ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती. पंचवीसेक मुलांत त्या वाटल्या की एकेकाच्या वाट्याला तुकडेच यायचे. २०२५ मध्ये तो नियम बदलू लागला, पण दरवर्षी चार-पाच हजार डॉलर भरून आठ-दहा वर्षांनी ते स्कॉलरशिपमध्ये वसूल करू, हा हिशोब तरीही जमत नाही. तेच पैसे ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, टाकले तर कॉलेजच्या फीला नक्की उपयोगी पडतात.

एक नियम मात्र मनात पक्का धरा. डिव्हिजन वनचे सॉकर कोच मुलाशी स्वतःहून संपर्क साधू शकतात ते दहावीचं वर्ष संपल्यानंतर, १५ जूनपासून. म्हणजे मूल पंधरा-सोळाचं झाल्यावर. तेव्हा ईसीएनएल किंवा एमएलएस नेक्स्टमध्ये असण्याचा खरोखर फायदा होतो, कारण कॉलेजचे कोच त्यांच्या शोकेस टूर्नामेंटना मैदानाकडेला खुर्च्या टाकून बसलेले असतात. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या पालकांना कुणी कॉलेजचं नाव काढून घाई करत असेल, तर ती घाई मुलासाठी नाही.

पैसा आणि रविवार

गावच्या ट्रॅव्हल टीमला आमच्या भागात वर्षाला काही शे डॉलरपासून हजार-बाराशेपर्यंत लागतात. खाजगी क्लबची फी दोन-तीन हजार. एलिट लीगमध्ये फीच चार हजारांच्या पुढे जाऊ शकते, आणि त्यात जर्सीचा संच, विमान, हॉटेल धरलेलं नसतं. कित्येक टूर्नामेंटमध्ये आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहावं लागतं, मावशीचं घर दहा मिनिटांवर असलं तरी. हे आधी विचारून घ्या आणि फीच्या दीडपट ते दुप्पट रक्कम वर्षाचा खर्च म्हणून धरा. क्लबकडे आर्थिक मदतीचा अर्ज बहुतेक असतोच, तो मागायला संकोच करू नका. अमेरिकेचा नामांकित खेळाडू क्लिंट डेम्प्सी लहानपणी टेक्ससमधल्या नाकोडोचेस गावातून डॅलसच्या क्लबला जायचा, एका बाजूचा रस्ता तीनेक तासांचा. पैशांच्या ओढाताणीत त्याला काही काळ क्लब सोडावा लागला होता. टीममधल्या इतर पालकांनी त्याच्या प्रवासाचा भार उचलला म्हणून तो परत आला. पुढे त्याने अमेरिकेसाठी ५७ गोल केले. ज्यांच्या पालकांना कुणी हात दिला नाही अशी किती मुलं असतील, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

आणि रविवार. आपली मराठी शाळा रविवारी, गेम रविवारी. गणपती नेमके फॉल सीझनच्या तोंडावर. डिसेंबरमध्ये भारतात जायचं तर इनडोअर टूर्नामेंट, जुलैत जायचं तर ऑगस्टच्या प्रीसीझनला परत हवं. धाकट्या भावाचा शनिवार बहिणीच्या मैदानाकडेला जातो. एलिट टीमची हजेरी कडक असते आणि ती तशी असणारच. तीन वर्षं मराठी शाळा बुडाली तर आजीशी फोनवर बोलायची भाषा हातून जाते, आणि ती नंतर ट्रायआउट देऊन परत मिळत नाही. मी सॉकर सोडा म्हणत नाही. दोन्हींचं कॅलेंडर टेबलावर शेजारी ठेवून मग सही करा, एवढंच.

मुलग्यांच्या पालकांसाठी आणखी एक: एमएलएस नेक्स्टच्या वरच्या थरात खेळणाऱ्या मुलांना सहसा हायस्कूलच्या टीममधून खेळता येत नाही. ईसीएनएलमध्ये हायस्कूलच्या हंगामासाठी मोकळीक असते. आपल्या शाळेच्या जर्सीत, वर्गमित्रांसमोर खेळण्याचं कौतुक काही मुलांना फार असतं. त्यांना विचारल्याशिवाय ते काढून घेऊ नये.

शरीर

थोडक्यात सांगते, पण हे सोडू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, आणि वर्षात सगळे मिळून तीनेक महिने त्या खेळातून सुट्टी असावी. दहा-अकरा महिने चालणाऱ्या हंगामात हे बसवणं अवघड आहे, म्हणून क्लबला सरळ विचारा की सुट्टी कधी. मुलींच्या आयांनी गुडघ्याची जास्त काळजी घ्यावी. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातला मुख्य बंध, तुटण्याचं प्रमाण सॉकरमध्ये मुलांपेक्षा मुलींत दोन-तीन पट आहे. फिफा ११ प्लस नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप नेमाने केला तर दुखापती खरोखर कमी होतात, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. कोच तो घेतो का, हे लीगच्या नावाइतक्याच आस्थेने विचारण्यासारखं आहे.

वर कधी जावं

आमच्याकडे काय झालं ते सांगते. त्या वर्षानंतर लेक गावच्या टीममध्ये परतली. कोच एक शांत स्वभावाचे गृहस्थ, दिवसा नोकरी, संध्याकाळी मैदान. त्यांनी तिला मधल्या फळीत उभं केलं आणि पहिल्या महिन्यात एकच गोष्ट सांगितली: चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघ. चुकली तरी बाहेर काढलं नाही. ऑक्टोबरमध्ये एका रात्री मी बूट उलटे केले तर कागदावर काळ्या दाण्यांचा ढीग पडला. मी तो कागद तसाच धरून मिनिटभर उभी होते.

चौदाव्या वर्षी तिचं तिलाच तिथे अपुरं वाटू लागलं. गॅरेजच्या दारावर रोज अर्धा तास चेंडू मारायची, सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या एका क्लबच्या रीजनल लीगच्या टीमकडून विचारणा झाली. या वेळी आम्ही ईमेलला लगेच उत्तर दिलं नाही. आधी क्लबला लिहिलं की निर्णयाआधी टीमबरोबर दोन प्रॅक्टिस करू देता का. ते हो म्हणाले. चांगले क्लब बहुधा हो म्हणतात, आणि जे ४८ तासांपलीकडे एक दिवसही द्यायला तयार नसतात त्यांच्याबद्दल तेवढ्यावरूनच बरंच कळतं.

त्या दोन प्रॅक्टिसना मी लेकीकडे फार बघितलंच नाही. कोचकडे बघत होते. कुणी चूक केली की तो काय करतो, ओरडतो की थांबवून दाखवतो? पाणी प्यायला थांबल्यावर मुली एकमेकींशी बोलतात का? शेवटच्या खेळात सगळ्यात कच्च्या दोन मुलींना तो कुठे उभं करतो? मग त्याला बाजूला गाठून तीन गोष्टी विचारल्या: ती रोस्टरमध्ये साधारण कुठे बसेल, गेममध्ये निदान किती वेळ खेळेल, आणि पुढच्या वर्षी या टीमला कोच तुम्हीच असाल का? त्याने पहिल्याचं उत्तर सरळ दिलं, "आज सातवी-आठवी." घरापासून मैदान पंचवीस मिनिटांवर. प्रॅक्टिस मंगळवार, गुरुवार, शुक्रवार.

गाडीत बसल्यावर लेकीला विचारलं, "कसं वाटलं?" तिने बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं, "दोघीजणी माझ्यापेक्षा खूप भारी आहेत. त्यातल्या एकीने मला तिची ट्रिक शिकवली. परत गुरुवारीच आहे ना?"

घरी आल्यावर होकाराची ईमेल पाठवली.